सोंग आणि संसार

सोंग आणणें सोपें, सोंग उतरविणें कठीण, हा अनुभव नाटकी जगाला नवा नाहीं. रात्रीं सिंहासनावर बसलेला नट सकाळीं उधारीच्या वहीपुढें उभा राहतो, आणि त्यांतच त्याचें कल्याण असतें. ज्याला सकाळ झाल्याचें कळतच नाहीं, त्याचा शेवट बहुधा चांगला होत नाहीं. अमेरिकेंतील रॉक संगीताच्या इतिहासांत या गोष्टीची जितकी कसून परीक्षा ॲलिस कूपर या गायकाच्या आयुष्यांत झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आयुष्यांत झाली असेल. डोळ्यांभोंवतीं काजळाचीं काळीं वर्तुळें, गळ्यांत जिवंत अजगर, आणि प्रयोगाच्या अखेरीस स्वतःलाच देहांत शिक्षा, अशा थाटांत हा गायक १९७० नंतरच्या दशकांत लोकांपुढें आला. त्याला इंग्लंडांत पाऊल ठेवूं देऊं नये, अशी मागणी तेथील पार्लमेंटच्या एका सभासदानें केली. तोच गायक धर्मोपदेशकाच्या घरांत वाढलेला होता, १९७६ सालीं जिच्याशीं लग्न केलें तिच्याशींच त्यानें आयुष्यभर संसार केला, आणि उतारवयांत तो पोरांसाठीं फुकट संगीतशाळा चालवूं लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच माणसाच्या ठिकाणीं कशा नांदल्या, आणि तशा नांदूं लागण्यापूर्वीं त्यांनीं त्याला मृत्यूच्या दारापर्यंत कसें नेलें, हें पाहण्यासारखें आहे.

त्याचें मूळ नांव व्हिन्सेंट फर्निअर. ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं मिशिगन प्रांतांतील डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरीं त्याचा जन्म झाला. बाप ईथर मोरोनी फर्निअर हा एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा उपदेशक होता, व आजोबाहि त्याच पंथाच्या धुरीणांपैकीं होते. मुलगा लहानपणीं वारंवार आजारी पडे. पुढें हें कुटुंब ॲरिझोना प्रांतांतील फिनिक्स या वाळवंटी शहरीं जाऊन राहिलें. घरांत प्रार्थनेला तोटा नव्हता. माणसानें पाप करावें, त्याची शिक्षा भोगावी, आणि शेवटीं त्याची सुटका व्हावी, हा क्रम मुलाच्या कानीं अगदीं बालपणापासून पडत होता. पुढें त्याच्या रंगमंचावर हाच क्रम निराळ्या वेषांत अवतरला. परंतु तें ओळखण्यास लोकांना पुष्कळ वर्षें लागलीं.

फिनिक्स येथील कॉर्टेझ हायस्कुलांत तो लांब पल्ल्याच्या शर्यतीचा धांवपटु होता. १९६४ सालीं बीटल्स या इंग्रज चौकडीच्या गाण्यांनीं अमेरिकेंतील तरुणांना वेड लावलें होतें. शाळेच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत या धांवपटूनें व त्याच्या सोबत्यांनीं केंसांचे टोप चढवून बीटल्सची नक्कल केली. त्या मंडळींपैकीं बहुतेकांना वाद्य म्हणून कांहीं वाजवितांच येत नव्हतें. परंतु टाळ्या पडल्या, पोरांना त्या टाळ्यांची गोडी लागली, आणि मग वाद्यें मिळवून तीं शिकण्याला सुरुवात झाली. गवयाच्या आयुष्यांत बहुधा आधीं सूर येतो व मग वेष येतो. येथें आधीं सोंग आलें, आणि त्या सोंगाला साजेसे सूर मागाहून शोधावे लागले. ग्लेन बक्स्टन व डेनिस डनवे हे शाळूसोबती प्रथमपासूनच बरोबर होते. मायकेल ब्रूस व नील स्मिथ हे पुढें येऊन मिळाले. या पांच जणांचा मेळ जमला तो जवळजवळ सात वर्षें टिकला.

मंडळी १९६७ च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरीं आली, आणि १९६८ सालीं त्यांनीं 'ॲलिस कूपर' हें नांव घेतलें. हें नांव मूळचें एका माणसाचें नव्हतें, पांचांच्या मेळ्याचें होतें. प्लँचेटवर बसलें असतां एका चेटकिणीच्या आत्म्यानें तें सांगितलें, अशी आख्यायिका पुष्कळ दिवस सांगितली जात असे. परंतु खुद्द गायकानेंच पुढें खुलासा केला कीं, शेजारच्या घरांतील एखाद्या सोज्वळ आजीबाईला शोभणारें नांव भेसूर चेहऱ्याच्या पुरुषांनीं धारण करावें, या विसंगतींतच खरी गंमत होती. नांव गाजलें तेव्हां लोक गायकालाच ॲलिस म्हणूं लागले, व पुढें त्यानें कायद्यानेंहि तेंच नांव स्वीकारलें. पांचांचें नांव एकाचें झालें. या बदलाची किंमत पुढें सर्वांनाच मोजावी लागली.

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, या म्हणीचा अर्थ त्या दिवसांत मंडळींना चांगलाच उमगला. कॅलिफोर्नियांतील श्रोत्यांना त्या काळीं प्रेमाचीं व शांतीचीं गाणीं हवीं होतीं. एका नृत्यगृहांत यांनीं वाजविण्यास प्रारंभ केला तेव्हां थोड्याच वेळांत सारें सभागृह रिकामें झालें. मात्र त्या रिकाम्या होणाऱ्या सभागृहांतच शेप गॉर्डन नांवाच्या तरुणाला या मेळ्याचें भवितव्य दिसलें. इतक्या लोकांना एकाच वेळीं इतका तिटकारा आणतां येतो, तेथें कांहीं तरी शक्ति खास आहे, असा त्याचा हिशेब होता. तो त्यांचा व्यवस्थापक झाला, आणि ही जोडी पुढें अर्धशतकाहून अधिक काळ फुटली नाहीं. फ्रँक झापा या विक्षिप्त संगीतकारानें आपल्या संस्थेतर्फें त्यांच्या तबकड्या काढल्या. पण १९६९ व १९७० सालच्या त्या पहिल्या दोन्ही तबकड्या खपल्या नाहींत.

याच हलाखीच्या दिवसांत, सप्टेंबर १९६९ मध्यें, कानडांतील टोरोंटो शहरीं एका मोठ्या संगीतोत्सवांत जो प्रकार घडला त्यानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं केलें. कोणीं तरी रंगमंचावर एक जिवंत कोंबडी सोडली. शहरांत वाढलेल्या या गायकाला वाटलें, पंख आहेत म्हणजे ही उडेलच. म्हणून त्यानें ती उचलून प्रेक्षकांकडे फेंकली. कोंबडी उडाली नाहीं, गर्दींत पडली, आणि गर्दीनें तिच्या चिंधड्या केल्या. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आलें तें असें कीं, गायकानें कोंबडीचें डोकें दांतांनीं तोडून रक्त प्राशन केलें. झापानें त्याला विचारलें, हें खरें काय? नाहीं, असें उत्तर मिळतांच त्यानें सल्ला दिला कीं, मग तें कोणालाहि सांगूं नकोस. ॲलिस नांवाचा राक्षस जन्मला तो या मौनांतून. कृत्य गर्दीचें होतें, आळ एकाचा होता, आणि त्या आळावर धंदा उभा राहणार होता.

१९७० सालीं मंडळी डेट्रॉइटच्या परिसरांत परत आली. कारखान्यांत राबणाऱ्या त्या प्रांताला गोडगोड संगीत नको होतें. कर्कश व दणकट संगीत हवें होतें. त्याच सुमारास बॉब एझरिन हा अवघ्या एकवीस वर्षांचा कानडी तरुण त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार झाला. त्यानें दिवसच्या दिवस तालीम घेतली, पसारा छाटला, आणि एकेक गाणें घांसून साफ केलें. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गोंधळून उभ्या असलेल्या मुलाचें मनोगत सांगणारें 'आय्‌म एटीन' हें गाणें १९७१ सालीं अमेरिकेंत गाजलें, आणि दैन्याचे दिवस संपले. १९७२ सालीं 'स्कूल्स आउट' हें शाळा सुटल्याच्या आनंदाचें गाणें आलें. इंग्लंडांत त्यानें पहिला क्रमांक पटकावला. तेथील नीतिरक्षणाच्या चळवळीच्या पुढारी मेरी व्हाइटहाउस यांनीं या गाण्याविरुद्ध मोहीम काढली. गायकानें त्यांना फुलें पाठविलीं, कारण विरोधामुळें गाणें अधिकच खपलें होतें. लिओ ॲब्स या पार्लमेंट-सभासदानें बंदीची मागणी केली ती यानंतर, १९७३ सालीं.

या प्रयोगांत होतें तरी काय? गाणें चालूं असतांच एक कथा चाले. ॲलिस हा दुष्ट पुरुष एकामागून एक अपराध करी, आणि मग न चुकतां त्याला पकडून शासन होई. प्रथम विजेची खुर्ची होती. नंतर वधस्तंभ व फांस आला. १९७३ सालच्या दौऱ्यांत गिलोटीन आलें. तें गिलोटीनचें कसब जेम्स रँडी या नामांकित जादुगारानें बसविलें होतें, व दौऱ्यांत जल्लादाची भूमिकाहि त्यानेंच केली. मुंडकें तुटून पडे, प्रेक्षक किंचाळत, आणि शेवटीं तोच ॲलिस पांढरा शुभ्र पोषाख व उंच टोपी घालून हंसत परत येई. ग्राउचो मार्क्ससारख्या जुन्या विनोदी नटानें यांत नवें असें कांहीं पाहिलें नाहीं. त्याला ती आपल्या तरुणपणची व्हॉडव्हिल रंगभूमीच वाटली. दोघांची मैत्री जमली. पुढें १९७८ सालीं हॉलिवुडच्या टेकडीवरील मोडकळीस आलेलीं प्रचंड अक्षरें नव्यानें उभारण्याचें ठरलें, तेव्हां आदल्या वर्षीं वारलेल्या या मित्राच्या स्मरणार्थ गायकानें सत्तावीस हजारांहून अधिक डॉलर देऊन एक 'ओ' अक्षर उभें केलें.

१९७३ सालची 'बिलियन डॉलर बेबीज' ही तबकडी अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली. त्या यशाच्या शिखरावरच मेळा फुटण्यास प्रारंभ झाला. सततचे दौरे, झोपेचा अभाव आणि दारू यांनीं सर्वच थकले होते. नेपथ्याचा डोलारा वाढत जावा अशी गायकाची इच्छा, तर संगीताला पुन्हां पहिलें स्थान मिळावें असें कांहीं सोबत्यांचें मत. १९७४ नंतर हे पांच जण एकत्र राहिले नाहींत. ज्या नांवाखालीं पांचांनीं उपास काढले, तें नांव एकट्याबरोबर निघून गेलें. यांत कोणाचें किती चुकलें याचा निवाडा सोपा नाहीं. पण शाळेच्या मैदानावर एकत्र धांवलेल्या मुलांची ती ताटातूट होती, एवढें खरें.

१९७५ सालीं त्यानें 'वेलकम टु माय नाइटमेअर' ही पहिली स्वतंत्र तबकडी काढली, आणि तिच्यावर आधारलेला भव्य प्रयोग घेऊन तो दौऱ्यावर निघाला. या प्रयोगांत नर्तक हवे होते. निवड झालेल्यांत शेरिल गॉडार्ड ही बॅले नृत्याचें शिक्षण घेतलेली तरुण नर्तकी होती. ही मुलगीहि धर्मोपदेशकाच्याच घरची. रोज रात्रीं त्या दुःस्वप्नांतील पिशाच्चांमध्यें नाचतां नाचतां तिनें मुखवट्यामागचा माणूस पाहिला, आणि २० मार्च १९७६ रोजीं त्या दोघांचें लग्न झालें.

परंतु लग्न लागलें तेव्हां घरांत तिसरें कोणी तरी आधींच येऊन बसलेलें होतें. तें म्हणजे मद्य. जिम मॉरिसन, जॅनिस जॉप्लिन, जिमी हेंड्रिक्स यांच्यासारखे त्याचे समकालीन १९७० व १९७१ या दोन वर्षांत सत्ताविशीं गांठतांच गेले होते. लोकांपुढें जें रूप मांडलें तेंच चोवीस तास जगण्याचा हट्ट माणसाला मारतो, हें त्याच्या डोळ्यांपुढें घडलें होतें. तरीहि तो त्याच वाटेनें चालला. लॉस एंजेलिसच्या एका मद्यगृहांत 'हॉलिवुड व्हँपायर्स' या नांवानें पिणाऱ्या कलावंतांचें एक टोळकें जमे, त्याचा तो म्होरक्या होता. सकाळीं रक्ताची उलटी व्हावी आणि रात्रीं पुन्हां रंगमंचावर उभें राहावें, अशी दशा झाली. १९७७ सालीं पत्नी व व्यवस्थापक यांनीं त्याला न्यूयॉर्क प्रांतांतील एका रुग्णालयांत दाखल केलें. तेथें मनोरुग्णांच्या सहवासांत त्याचे दिवस गेले. बाहेर आल्यावर बर्नी टॉपिन या गीतकाराच्या साह्यानें त्यानें त्या रुग्णांच्या कथा गाण्यांत गुंफल्या, व १९७८ सालीं 'फ्रॉम द इन्साइड' ही तबकडी काढली. काळ्या काजळाशिवाय हा माणूस प्रथमच बोलत होता.

सुधारणा टिकली नाहीं. दारूच्या जागीं कोकेन आलें, आणि मागोमाग दारूहि परतली. १९८० नंतरच्या तीन-चार वर्षांतील कांहीं तबकड्या आपण कशा केल्या हें आपल्याला आठवतच नाहीं, असें त्यानें पुढें स्वतः कबूल केलें आहे. १९८१ सालीं कॅलिको ही मुलगी झाली होती. बाप घरांत असून नसल्यासारखा होता. शेवटीं शेरिल मुलीला घेऊन निघून गेली, आणि नोव्हेंबर १९८३ मध्यें तिनें घटस्फोटासाठीं कोर्टांत अर्ज केला. ज्याला रोज रात्रीं खोटी देहांत शिक्षा होत असे, त्याला आतां खरी शिक्षा झाली होती. आणि या शिक्षेनंतर पांढरा पोषाख घालून परत येण्याची सोय कोणीं करून ठेवलेली नव्हती.

तो फिनिक्सला, आईबापांच्या गांवीं परतला. रुग्णालयांत उपचार झाले, आणि तेथून बाहेर आल्यावर त्यानें पुन्हां मद्याला स्पर्श केला नाहीं. १९८४ च्या मध्यास पतिपत्नींचा समेट झाला. दोघें एकत्र प्रार्थनामंदिरांत जाऊं लागलीं. लहानपणीं ज्या उपदेशाकडे त्यानें पाठ फिरविली होती तोच आतां आधार झाला. व्यसनाची रिकामी जागा भरावयास त्यानें गोल्फचा खेळ धरला, व एका वेडाच्या जागीं दुसरें वेड लावून घेतलें. १९८५ सालीं डॅश हा मुलगा झाला. कांहीं वर्षांनीं आणखी एक मुलगी झाली.

मग प्रश्न आला तो ॲलिसचा. या सोंगानेंच माणसाला बुडविलें होतें. तेव्हां त्याला कायमची मूठमाती द्यावी काय? १९८६ सालीं तो पुन्हां रंगमंचावर आला आणि त्याच्या भूमिकेंतील बदल जाणत्यांच्या ध्यानांत आला. पूर्वींचा ॲलिस वांकलेला, सर्वांचा मार खाणारा, जगानें झिडकारलेला असा होता. तो मद्यपी व्हिन्सेंटचेंच प्रतिबिंब होता. नवा ॲलिस ताठ मानेचा, उर्मट, पक्का खलपुरुष होता. त्याचें व नटाचें कांहीं एक नातें उरलें नव्हतें. गायक त्याच्याविषयीं बोलतांना 'तो' असें म्हणूं लागला. रंगमंचावर उतरण्याच्या कांहीं क्षण आधीं त्याला अंगावर घ्यावयाचें, आणि पडदा पडला कीं तेथेंच ठेवून घरीं जावयाचें, असा हा करार होता. हा करार झाल्यामुळेंच ॲलिसहि जगला व व्हिन्सेंटहि जगला.

अर्थात् खेळ जीवघेणा होताच. १९८८ सालीं इंग्लंडमध्यें फांशीच्या प्रसंगाचा सराव चालूं असतां, त्याचा भार पेलणारी तार तुटली व दोर खरोखरच गळ्याला लागला. हनुवटी मागें टाकून त्यानें मान सोडविली म्हणून प्राण वांचले. अनेक वर्षें वापरलेली तार बदलली पाहिजे, ही साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. पुढच्याच वर्षीं, १९८९ सालीं, 'ट्रॅश' ही तबकडी निघाली, आणि तिच्यांतील 'पॉयझन' हें गाणें इंग्लंडांत दुसऱ्या व अमेरिकेंत सातव्या क्रमांकापर्यंत पोंचलें. चाळिशी ओलांडलेल्या गायकाला नवी पिढी मिळाली.

यानंतरचा इतिहास हा गाण्यांइतकाच घराचा आहे. कॅलिको मोठी झाल्यावर बापाच्या प्रयोगांत नाचूं लागली, भूमिका करूं लागली. डॅशहि संगीतांतच शिरला. शेरिल पुन्हां रंगमंचावर आली, कधीं क्रूर परिचारिका म्हणून तर कधीं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणून. जी राणी इतिहासांत स्वतः गिलोटीनखालीं गेली, तिच्या वेषांत पत्नीनें रोज रात्रीं नवऱ्याचा शिरच्छेद पाहावा, आणि प्रयोग संपल्यावर दोघांनीं बरोबर मुक्कामावर जावें, हा या संसाराचा नित्यक्रम झाला. १९९५ सालीं त्यानें फिनिक्स येथें 'सॉलिड रॉक' ही धर्मादाय संस्था स्थापन केली, आणि २०१२ सालीं तिच्यातर्फें मुलांसाठीं एक केंद्र उघडलें. तेथें बारा ते वीस वर्षांच्या मुलांना संगीत, नृत्य व इतर कला फुकट शिकवितात. व्यसनाच्या वाटेला लागण्यापूर्वीं हातांत गिटार पडावी, हा त्यांतील हेतु. ज्या 'हॉलिवुड व्हँपायर्स'च्या बैठकींनीं त्याला जवळजवळ संपविलें होतें, तेंच नांव घेऊन त्यानें जॉनी डेप व जो पेरी यांच्यासह नवा मेळा काढला व २०१५ सालीं त्याची तबकडी प्रसिद्ध केली. ती त्या जुन्या बैठकींत दारूनें व अन्य कारणांनीं गेलेल्या मित्रांची आठवण होती, आणि आठवण करणारा आतां स्वतः मद्य पीत नव्हता.

एक हिशेब मात्र पुष्कळ वर्षें अपुरा होता. फुटलेल्या मेळ्यांतील ग्लेन बक्स्टन १९९७ सालीं वारला. २०११ सालीं रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत ॲलिस कूपर या नांवाला स्थान मिळालें, तें एकट्या गायकाला नव्हे, मूळच्या पांचांच्या मेळ्याला. त्या मानाच्या रात्रीं उरलेले चौघे एका मंचावर उभे राहिले. पुढें २०२५ सालीं, सत्त्याहत्तराव्या वर्षीं, गायकानें ब्रूस, डनवे व स्मिथ या तिघांसह, आणि त्याच बॉब एझरिनच्या देखरेखीखालीं, पन्नासाहून अधिक वर्षांनंतर पुन्हां एक संपूर्ण तबकडी काढली. एकाचें झालेलें नांव काहीं काळ तरी पुन्हां सर्वांचें झालें.

या दीर्घ आयुष्याकडे पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांनीं या माणसाला अनीतीचा प्रचारक ठरविलें त्यांनीं त्याच्या नाटकाचा शेवटचा अंक पाहिला नव्हता. प्रत्येक रात्रीं तेथें दुष्टाला शासन होतच होतें. धोका प्रेक्षकांना नव्हता, नटाला होता. पिशाच्चाचें सोंग घेतल्यानें तो बुडाला नाहीं, तें उतरवावयाचें विसरला म्हणून बुडाला. आणि तें उतरवून ठेवावयास एक घर आहे, त्या घरांत वाट पाहणारें कोणी आहे, हें कळलें तेव्हां तरला. ॲलिस कूपर हजारों वेळां मेला आहे. व्हिन्सेंट फर्निअर मात्र पडदा पडल्यावर काजळ पुसून घरीं जातो.